‘संजद’ शब्दाचा वाद आणि वेदवैषम्याचा सिद्धान्त

धर्मसिद्धान्त बदलतो काय, हा प्रश्न अनुयायाला विचारला तर उत्तर बहुधा नकारार्थी येते; इतिहासाच्या अभ्यासकाला विचारला तर होकारार्थी येते. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. जी परंपरा सर्वज्ञाच्या वचनावर उभी आहे, तिला ‘सिद्धान्त बदलला’ असे म्हणण्याची सोय नसते. परंतु त्या वचनाचा शुद्ध पाठ कोणता, त्यातील अमुक शब्दाचा अर्थ काय, आणि तो कोणाला लागू पडतो, हे प्रश्न तिलाही टाळता येत नाहीत; आणि बदल घडतो तो या प्रश्नांच्या उत्तरांतून. दिगंबर जैन परंपरेत विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात असा एक प्रसंग आला. निमित्त होते ‘संजद’ या एका प्राकृत शब्दाचे. वादाचा उघड विषय स्त्रीच्या मुक्तीचा होता. त्याच्या पोटात मात्र आणखी एक विषय होता, आणि त्याच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही: शरीराने पुरुष असून ज्याची कामना पुरुषाकडे वळते, अशा जीवाला या सिद्धान्तात कोणते स्थान आहे? समलिंगी आकर्षणाविषयी भारतीय धर्मपरंपरांची भूमिका काय, याची चर्चा आज सर्वत्र होत असताना या जुन्या वादाचे पुनःपरीक्षण उपयुक्त ठरावे.

1

या वादाचा एक धागा आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) या गावाशी जोडलेला आहे. हा जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वादाच्या काळी कारंजा अकोला जिल्ह्यात मोडत होते. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही भट्टारक परंपरांची मंदिरे आणि त्यांचे पोथीसंग्रह या एका गावात आहेत. रायबहादूर हिरालाल यांनी 1926 साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या सूचीमुळे या संग्रहांची ख्याती विद्वानांपर्यंत पोहोचली. पुढे 1930 नंतरच्या दशकात अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांच्या परिश्रमाने कारंजा जैन ग्रंथमालेतून अनेक अपभ्रंश ग्रंथ प्रकाशात आले. नामसादृश्यामुळे या दोन हिरालालांची गल्लत होते, म्हणून हा भेद येथे नोंदवणे अवश्य आहे.

1918 साली याच गावी महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल सुरू झाले. त्याचे संस्थापक ब्रह्मचारी देवचंद पुढे मुनी समंतभद्र या नावाने प्रसिद्धीस आले. या आश्रमाशी प्रस्तुत विषयाच्या दोन गोष्टी निगडित आहेत. पहिली अशी की, डॉ. हिरालाल जैन यांनी ‘षट्खंडागम’ आणि त्यावरील वीरसेनाचार्यांची ‘धवला’ टीका यांचे संपादन हाती घेतले तेव्हा त्यांच्यापुढे ज्या प्रती होत्या, त्यांत अमरावती व आरा येथील प्रतींबरोबर कारंजाच्या या आश्रमाची प्रतही होती. मूळ ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्रीच्या भांडारात होती. संपादकांच्या हाती होत्या त्या नकलांवरून उतरलेल्या नकला. दुसरी गोष्ट अशी की, मूडबिद्रीजवळच्या नेल्लिकारू येथे 1923 साली जन्मलेला एक मुलगा दहाव्या वर्षाच्या सुमारास शिक्षणासाठी याच आश्रमात आला आणि त्याने आपल्या शिक्षणाची पहिली वर्षे येथे काढली. हे पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात बौद्ध व जैन विद्येचे प्राध्यापक म्हणून जगन्मान्य झालेले पद्मनाभ जैनी होत. स्त्रीमुक्तीच्या वादावरील त्यांचा ‘जेंडर अँड सॅल्व्हेशन’ हा इंग्रजी ग्रंथ 1991 साली प्रसिद्ध झाला. या विषयाचा अभ्यास त्या ग्रंथावाचून आज होऊ शकत नाही.

2

वादाचे स्वरूप समजण्यासाठी प्रथम ‘वेद’ या पारिभाषिक शब्दाचा अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. ऋग्वेदादी ग्रंथांशी त्याचा संबंध नाही. जैन कर्मशास्त्रात वेद म्हणजे कामभाव. चारित्रमोहनीय कर्माचे जे नऊ नोकषाय सांगितले आहेत, त्यांत हास्य, रती, अरती, शोक, भय आणि जुगुप्सा यांच्याबरोबर स्त्रीवेद, पुंवेद आणि नपुंसकवेद हे तीन वेद येतात. शरीराची घडण मात्र मोहनीय कर्माने होत नाही. ती नामकर्माच्या उदयाने होते. याचा अर्थ असा की, शरीराचे लिंग आणि मनाची कामना ही दोन वेगळ्या कर्मांची फळे होत. पहिल्यास द्रव्यवेद आणि दुसऱ्यास भाववेद म्हणतात.

भाववेदाची व्याख्या करण्याच्या दोन रीती या वाङ्मयात आढळतात. पूज्यपादांच्या ‘सर्वार्थसिद्धी’त स्त्रीवेद म्हणजे ज्याच्या उदयाने जीव स्त्रीसुलभ भावांना प्राप्त होतो तो, असा निर्देश आहे. येथे भर स्वभावावर आहे. ‘धवले’त मात्र कामनेच्या विषयावरून व्याख्या केलेली आढळते: ज्याच्या उदयाने पुरुषाविषयी आकांक्षा उत्पन्न होते तो स्त्रीवेद, स्त्रीविषयी उत्पन्न होते तो पुंवेद आणि दोहोंविषयी उत्पन्न होते तो नपुंसकवेद. या तिहींच्या तीव्रतेसाठी अग्नीचे दृष्टान्त रूढ आहेत. पुरुषाची कामना गवताच्या आगीसारखी भडकून विझणारी, स्त्रीची शेणीच्या आगीसारखी धुमसणारी आणि नपुंसकाची वीटभट्टीसारखी असे ‘गोम्मटसारा’त म्हटले आहे. श्वेतांबर ग्रंथांत शेवटच्या दृष्टान्ताच्या जागी जळत्या नगराचा दृष्टान्त येतो.

आता द्रव्यवेद आणि भाववेद ही दोन वेगळ्या कर्मांची फळे असल्यास ती एकमेकांशी जुळलीच पाहिजेत असा नियम उरत नाही. दहाव्या शतकातील नेमिचंद्र सिद्धान्तचक्रवर्तींनी ‘गोम्मटसारा’च्या जीवकांडात हे स्पष्टच सांगितले आहे. दोन्ही वेद बहुधा सम असतात, क्वचित विषम असतात, असा त्यांच्या कथनाचा आशय आहे. या विषमतेलाच वेदवैषम्य म्हणतात. पुरुषाच्या शरीरात स्त्रीवेदाचा उदय, स्त्रीच्या शरीरात पुंवेदाचा उदय, असे एकूण नऊ विकल्प त्यातून निष्पन्न होतात.

‘धवले’त आणखी एक विधान आहे आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे आहे. क्रोधादी कषाय अंतर्मुहूर्तात पालटतात; वेदाचे तसे नाही. जन्मापासून मरणापर्यंत एकाच वेदाचा उदय राहतो, असे वीरसेनाचार्य म्हणतात. श्वेतांबर परंपरेत भाववेद आयुष्यात पालटू शकतो असे मानले जाते. दिगंबर परंपरेत तो पालटत नाही. म्हणजे पुरुषशरीरात स्त्रीवेद घेऊन जन्मलेला जीव त्या परंपरेच्या मते आमरण तसाच राहतो. हा संगतीचा परिणाम नव्हे, विलासाचे व्यसन नव्हे, किंवा चार दिवसांचा चळही नव्हे. नवव्या शतकातील एका आचार्याने कामनेच्या स्थैर्याविषयी इतके निःसंदिग्ध विधान करावे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

3

‘धवले’चा पहिला खंड 1939 साली अमरावतीहून प्रसिद्ध झाला. संपादनात डॉ. हिरालाल जैन यांना पं. फूलचंद्र आणि पं. हिरालाल या दोन सिद्धान्तशास्त्र्यांचे साहाय्य होते. सत्प्ररूपणेतील 93 व्या सूत्रात मानुषींना, म्हणजे मनुष्यगतीतील स्त्रियांना, कोणकोणत्या गुणस्थानांत पर्याप्त अवस्थाच असते, हे सांगितले आहे. हाती आलेल्या प्रतींत ही गणना ‘संजदासंजद’ या पाचव्या गुणस्थानापाशी थांबत होती. परंतु त्या सूत्रावरची वीरसेनांची टीका पाहता सूत्रात पुढे ‘संजद’ हा शब्द असला पाहिजे, असे संपादकांस वाटले आणि त्यांनी तशी टीप दिली. ‘संजद’ म्हणजे संयत, महाव्रती. हा शब्द असेल तर मानुषीची गती सहाव्या गुणस्थानापासून चौदाव्यापर्यंत, अर्थात मोक्षाच्या उंबरठ्यापर्यंत जाते. नसेल तर ती श्राविकेच्या पायरीवर थांबते.

या टिपेतून जो वाद उद्भवला, त्यात स्थूलमानाने तीन पक्ष होते. मोरेना येथील पं. मक्खनलाल शास्त्री प्रभृतींचा पक्ष असा की, येथे मानुषी म्हणजे द्रव्यस्त्री, प्रत्यक्ष स्त्रीशरीर. तिला वस्त्रत्याग शक्य नसल्यामुळे महाव्रत संभवत नाही. सबब ‘संजद’ शब्द सूत्रात असूच शकत नाही. पं. फूलचंद्र शास्त्रींचा पक्ष असा की, शब्द अवश्य आहे. पण मानुषी म्हणजे येथे भावस्त्री, पुरुषशरीर धारण करणारा पण स्त्रीवेदाचा उदय असलेला जीव. तिसरा पक्ष स्वतः डॉ. हिरालाल जैन यांचा. शब्दही आहे आणि त्याचा अर्थही सरळ आहे. षट्खंडागमात अन्यत्रही मानुषींच्या बाबतीत चौदा गुणस्थानांची गणना आली आहे. तेव्हा प्राचीन आगम स्त्रीला मुक्तीचा अधिकार देतो, आणि दिगंबर-श्वेतांबर यांच्यातील हा भेद मूलभूत नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी पाठ ताडून पाहिल्यावर ‘संजद’ शब्द मिळाला आणि पुढील आवृत्तींत तो सूत्रात स्थिर झाला. पाठाचा प्रश्न असा सुटला, तरी अर्थाचा सुटला नाही. कारण स्वतः वीरसेनाचार्यांचा कौल दुसऱ्या पक्षाच्या बाजूने आहे. या आर्ष वचनावरून द्रव्यस्त्रियांना मोक्ष सिद्ध होईल, अशी शंका त्यांनी आपणच उपस्थित केली आहे आणि तिचे निरसनही केले आहे. सवस्त्र असल्यामुळे त्यांना संयम उत्पन्न होत नाही. मग चौदा गुणस्थाने कशी, तर भावस्त्रीने विशिष्ट अशा मनुष्यगतीच्या अपेक्षेने, असे त्यांचे उत्तर आहे. भाववेद तर नवव्या गुणस्थानापुढे राहत नाही, मग चौदावे कसे, ही पुढची शंका. आणि येथे प्राधान्य वेदाला नसून गतीला आहे, हे तिचे समाधान. शंका आणि समाधान यांची ही साखळी काळजीपूर्वक वाचणाऱ्याला येथे सिद्धान्ताचा जोड कोठे दिला आहे, ते दिसून येते.

4

या तीन पक्षांची मांडणी स्त्रीमुक्तीच्या दृष्टीने केली तर तिसरा पक्ष उदार आणि पहिले दोन अनुदार ठरतात. आजवरच्या विवेचनाचा कल असाच राहिला आहे. परंतु वेदवैषम्याच्या दृष्टीने पाहिले तर चित्र पालटते. स्त्रीला मुक्तीपासून दूर ठेवण्यासाठी दुसऱ्या पक्षाला भावस्त्रीचे अस्तित्व सिद्ध करणे भाग पडले. पुरुषशरीरात आजन्म पुरुषाची आकांक्षा बाळगणारा जीव असतो. तो दीक्षा घेऊ शकतो. क्षपकश्रेणी चढू शकतो. केवलज्ञान मिळवून सिद्ध होऊ शकतो, हे सर्व त्या पक्षाने आग्रहाने मांडले. ज्यांना सनातनी म्हणावे अशा पंडितांनी, आपला तो हेतू नसतानाही, असे प्रतिपादन केले की समलिंगी कामना ही मोक्षमार्गातील निराळी अशी अडचण नव्हे. इतर दोन वेदांसारखाच तो एक वेद आहे आणि तिघांचाही क्षय नवव्या गुणस्थानीच व्हायचा आहे.

याउलट, स्त्रीला न्याय मिळावा म्हणून झटणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांना भावस्त्रीची ही कल्पनाच खोडून काढावी लागली. कर्मसिद्धान्तानुसार वेदवैषम्य संभवतच नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या इंद्रियाच्या ज्ञानाचा क्षयोपशम होतो, त्याच इंद्रियाचे उपांग घडते. डोळ्याच्या क्षयोपशमाने कान घडत नाही. त्याच न्यायाने ज्या वेदाचा बंध, त्यालाच अनुरूप शरीर; आणि म्हणूनच वेद जन्मभर पालटत नाही. युक्तिवाद बांधेसूद आहे. पण तो मान्य केला की ‘गोम्मटसारा’ने ज्याला ‘क्वचित’ म्हणून का होईना जागा दिली होती, तो जीव शास्त्रातून नाहीसा होतो. त्यातील दृष्टान्तही तपासून घेण्याजोगा आहे. इंद्रियज्ञान आणि त्याचे साधन यांचा संबंध कार्यकारणाचा आहे, कारण डोळ्यावाचून पाहणे होत नाही. कामनेचे तसे नाही. शरीर अनुरूप नसले तरी कामना उत्पन्न होते, हा लोकानुभव आहे, आणि ‘क्वचित विषम’ म्हणणाऱ्या आचार्यांनी त्याचीच नोंद घेतलेली दिसते.

हा पेच नवीनही नव्हे. अमोघवर्षाच्या काळातील यापनीय आचार्य शाकटायन यांनी ‘स्त्रीनिर्वाणप्रकरणा’त स्त्रीच्या बाजूने जी मांडणी केली, तिच्यातही ‘स्त्री’ शब्द पुरुषशरीराला लावण्यावर आक्षेप आहे. आणि अकराव्या शतकातील प्रभाचंद्रांनी ‘न्यायकुमुदचंद्रा’त स्त्रीमुक्तीचे खंडन केले, तेव्हा भाववेदाचा भेद दिगंबर पक्षाच्या भात्यात होताच. हजार वर्षांच्या या विवादात स्त्री आणि भावस्त्री जणू एकाच आसनाच्या दोन हक्कदार आहेत. एकीला बसवायचे तर दुसऱ्याला उठवावे लागते. वस्तुतः तसे असण्याचे काही कारण नाही. सूत्रातील मानुषी म्हणजे स्त्रीच, असे मानूनही पुरुषशरीरात स्त्रीवेद संभवतो असे म्हणता येते; एक प्रश्न शब्दार्थाचा आहे, दुसरा कर्मशास्त्राचा. दोन्ही पक्षांनी ते एकात एक गुंतवले, हा या वादाचा मूळ दोष होय.

5

सिद्धान्ताच्या बदलाचे हे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी अगदी निराळ्या परंपरेशी तुलना करून पाहणे इष्ट ठरेल. अमेरिकेत 1830 साली स्थापन झालेल्या मॉर्मन पंथात विद्यमान अध्यक्षास प्रेषित मानले जाते आणि ईश्वरी साक्षात्कार आजही चालू आहे, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे तेथे सिद्धान्त बदलण्याचे अधिकृत द्वार उघडे आहे. 1890 साली बहुपत्नीत्व थांबवले गेले. 1978 साली कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्याचा अधिकार मिळाला. असे असूनही समलिंगी संबंधांच्या बाबतीत ते द्वार फारसे उपयोगी पडलेले नाही. 1995 च्या कुटुंबविषयक घोषणेत लिंगभेद हा जन्मापूर्वीपासून अनंतापर्यंत टिकणारा आत्म्याचा धर्म म्हणून सांगितला आहे, आणि परमपद तर स्त्री-पुरुषांच्या शाश्वत विवाहावर अवलंबून आहे. नोव्हेंबर 2015 मध्ये समलिंगी विवाह करणाऱ्यांस धर्मत्यागी ठरवणारे आणि त्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्यावर निर्बंध घालणारे धोरण आले. एप्रिल 2019 मध्ये ते मागे घेण्यात आले. तरीही असा विवाह गंभीर अपराधच गणला जातो. धोरण पालटले, ज्या तत्त्वावर ते उभे होते ते तत्त्व जागचे हलले नाही.

दिगंबर परंपरेची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तेथे नवा साक्षात्कार नाही. केवलींची परंपरा खंडित झाली आहे आणि बदलाला अधिकृत द्वार नाही. पण मूळ तत्त्व आडवे येत नाही. आत्मा अलिंग आहे. वेद हे कर्म आहे. मुक्त जीव अपगतवेद आहे. विवाह हे मोक्षाचे साधन नाही, आणि पुरुषाची स्त्रीविषयीची कामना हीदेखील मोहनीय कर्माचीच एक प्रकृती आहे. समलिंगी आकर्षणाला खास निंद्य ठरवण्यासाठी लागणारा आधारच येथे उपलब्ध नाही. म्हणूनच या परंपरेतील हालचाल टीकाकाराच्या शंकासमाधानातून, किंवा संपादकाच्या टिपेतून होते. ‘संजद’ हा शब्द तिचे उत्तम उदाहरण होय.

6

परंतु एवढ्यावरून जैन धर्म समलिंगी व्यक्तींना अनुकूल आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मोक्षशास्त्रातील समता ही बंधनातील समता आहे. तिन्ही वेद सारखेच बेडी आहेत, हे मुनीच्या संदर्भात खरे. गृहस्थाच्या संदर्भात नाही. ब्रह्मचर्याणुव्रताचे रूप स्वदारसंतोष असे आहे. म्हणजे पुंवेदाच्या कामनेला विवाहाच्या मर्यादेत एक संमत वाट मिळते; विषमवेदी पुरुषाला तशी वाट मिळत नाही, आणि त्याचे आचरण अनंगक्रीडेच्या अतिचारात ढकलले जाते. जो सिद्ध होऊ शकतो, त्याला श्रावक म्हणून सुखाने राहता येत नाही, अशी ही विसंगती आहे. श्वेतांबर परंपरेत तर विसंगतीचे रूप आणखी वेगळे आहे. पंधरा प्रकारच्या सिद्धांत तेथे स्त्रीलिंगसिद्ध आणि नपुंसकलिंगसिद्ध यांचीही गणना आहे. पण ‘स्थानांगा’त पंडक, वातिक आणि क्लीब यांना दीक्षेस अपात्र ठरवले आहे, आणि पुढील ग्रंथांत नपुंसकांचे सोळा प्रकार कल्पून त्यांतील दहा अपात्र व सहा पात्र ठरवले आहेत. सिद्धान्ताची उदारता आणि आचाराचे नियम यांच्यात अंतर आहे, हे कोणत्याही एका पक्षाला झाकता येणार नाही.

आधुनिक अभ्यासाने या अंतराची दखल कितपत घेतली आहे? जैनींच्या ग्रंथात कुंदकुंदांच्या ‘सूत्रप्राभृता’पासून सतराव्या शतकातील मेघविजयांच्या ‘युक्तिप्रबोधा’पर्यंत सहा ग्रंथांतील उतारे भाषांतर व टिपांसह आले आहेत, आणि द्रव्य-भाव वेदांचा भेद त्यांनी नेमकेपणाने उलगडला आहे. पण त्यांचा प्रश्न स्त्रीमुक्तीचा असल्यामुळे भावस्त्री तेथे मुख्यतः एका युक्तिवादाचे साधन म्हणूनच येते. लिओनार्ड झ्विलिंग आणि मायकेल स्वीट यांनी 1996 साली लैंगिकतेच्या इतिहासविषयक एका नियतकालिकात जैन वाङ्मयातील तृतीय प्रकृतीवर जो दीर्घ निबंध लिहिला, त्याने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. कामनेला शरीरापासून सोडवून स्वतंत्र कोटी म्हणून मांडण्याचे श्रेय जैनांना आहे, हे त्यांचे मत ग्राह्य वाटते. तथापि त्यांची दृष्टी प्राचीन वाङ्मयावर असल्यामुळे विसाव्या शतकातील वाद त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. शिवाय वेद ही कोटी मुळात क्षय करण्यासाठी सांगितली आहे, अभिमानाने मिरवण्यासाठी नाही, याचे भान ठेवल्याशिवाय तिला आधुनिक लैंगिक ओळखीच्या जागी बसवता येत नाही.

तेव्हा बदलाची खरी जागा मोक्षशास्त्र नसून श्रावकाचार ही आहे; आणि श्रावकाचार अपरिवर्तनीय नाही, हे त्याच्या इतिहासावरूनच सिद्ध होते. समंतभद्रांनी पाच अणुव्रते आणि मद्य-मांस-मधूचा त्याग यांना आठ मूलगुण म्हटले. सोमदेवांनी ‘यशस्तिलका’त अणुव्रतांच्या जागी पाच उदुंबर फळांचा त्याग घातला. दोघेही आचार्य प्रमाणभूत मानले जातात. पं. जुगलकिशोर मुख्तार यांनी तर आचार्यांच्या या शासनभेदावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कारंजा ग्रंथमालेतील ‘सावयधम्मदोहा’ हा 1932 साली छापला गेलेला ग्रंथही श्रावकधर्माचाच आहे. गृहस्थाच्या धर्माची मांडणी प्रत्येक काळाने नव्याने केली आहे, आणि तसे करताना कोणी सर्वज्ञाचे वचन मोडले असे मानले गेलेले नाही.

भारतीय सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना अपराधाच्या कक्षेतून वगळले. 17 ऑक्टोबर 2023 रोजी अशा जोडप्यांच्या विवाहास मान्यता देण्याचे मात्र नाकारले. कायद्यातही आज जगण्याला मोकळीक आहे, पण गृहस्थाश्रमाला नाही. ही स्थिती वर वर्णिलेल्या धार्मिक विसंगतीशी इतकी मिळतीजुळती आहे की, श्रावकाचाराच्या अभ्यासकाने तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही.

7

या विवेचनाचे फलित थोडक्यात असे मांडता येईल. दिगंबर कर्मशास्त्रात कामना शरीराहून भिन्न आणि आजन्म स्थिर मानली आहे, आणि विषम कामना असलेल्या पुरुषाला मोक्षाचा पूर्ण अधिकार आहे. हा अधिकार त्याच्याविषयीच्या कळवळ्याने दिलेला नाही. तो स्त्रीला नाकारलेल्या अधिकाराची भरपाई म्हणून त्याच्या पदरात पडला आहे. म्हणून जो तो अधिकार आज पुढे करील, त्याने स्त्रीविषयक अन्यायाचे ऋण मान्य करूनच तो पुढे केला पाहिजे. आणि जो स्त्रीच्या बाजूने उभा राहील, त्याने भावस्त्रीला केवळ विरुद्ध पक्षाची क्लृप्ती म्हणून मोडीत काढू नये.

पाचव्या दशकातील तो वाद पोथ्यांच्या पानांवर आणि पंडितांच्या सभांत झाला. आपण ज्या जीवाच्या मुक्तीविषयी बोलत आहोत, तो एखाद्या गावात, एखाद्या घरात, लग्नाच्या वयाचा मुलगा म्हणून राहत असेल, हा त्या वादाचा विषय नव्हता. ज्या शास्त्राने त्याचे अस्तित्व सर्वांआधी नोंदवले, त्या शास्त्राच्या अभ्यासकांपुढे आज तोच प्रश्न उभा आहे. चौदाव्या गुणस्थानी त्याला जागा आहे, हे सिद्ध झालेले आहे. पाचव्या गुणस्थानी, व्रती गृहस्थाच्या पायरीवर, त्याला कोणती जागा द्यायची, हे अजून ठरायचे आहे.